काल रात्री मेडन पाहिलं, आणि आज त्यातलं निम्मंही आठवत नाहीये

जुनी_कॅसेट
मंडळी, काल रात्री मी आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड प्रत्यक्ष पाहिला. पंधरा वर्षांचा असताना मामेभावाने त्यांची एक कॅसेट दिली होती. कव्हरवरचा एडी, म्हणजे बँडचं ते भुतासारखं बोधचिन्ह, पाहून आईने ती कपाटात उलटी ठेवायला लावली. तेव्हापासून चोवीस वर्षं वाट पाहिली.

दुपारी दोनपासून रांगेत होतो. गेट उघडल्यावर जवळजवळ पळतच आत गेलो आणि बॅरिकेडपासून पाच-सहा माणसं मागे, अगदी मधोमध जागा मिळाली. मग चार तास एका जागी उभा. त्या चार तासांतलं सगळं आठवतंय. शेजारच्या मुलाच्या जॅकेटवर हाताने शिवलेले पॅच होते, त्यातल्या एकाचा टाका सुटून कोपरा वर आला होता. माझ्या डाव्या बुटाची लेस तुटली, तिला गाठ मारून काम भागवलं. ड्रम तपासणारा माणूस स्नेअरवर एकेक टोला द्यायचा आणि प्रत्येक टोल्याला अख्खं मैदान ओरडायचं.

मग दिवे गेले. तिथून पुढचं सगळं धूसर आहे.

आज सकाळी सेटलिस्ट, म्हणजे वाजलेल्या गाण्यांची यादी, वाचली तेव्हा तीन गाण्यांपाशी थांबून विचार केला, हे खरंच वाजलं का? समुद्रावरचं ते तेरा मिनिटांचं गाणं, ज्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकत होतो, तेही वाजलंय. वाजलं हे नक्की, कारण माझा आवाज पार बसलाय. पण डोळ्यांसमोर चित्रच येत नाही. गायक ब्रूस कुठे उभा होता, मागच्या पडद्यावर काय होतं, काही म्हणजे काही नाही. दोन तासांतले चार-पाच तुकडे हाताशी आहेत. स्टीव्ह हॅरिस मंचावरच्या मॉनिटर स्पीकरवर पाय ठेवून बेस बंदुकीसारखा आमच्यावर रोखतो, तो क्षण. पाठीत रुतलेलं कुणाचं तरी कोपर. एका गाण्याच्या शेवटी अनोळखी माणसाने धरलेला माझा हात.

दारूचा थेंब घेतला नव्हता. फोनही काढला नाही. कुणाचं असं झालंय का? आणि नंतर आठवतं का? सकाळपासून सारखं रडू येतंय, म्हणून विचारतोय.

बेसवेडा
झालंय. पहिल्या वेळी अगदी असंच. घरी येऊन बायकोला सांगायला बसलो आणि "भारी होतं" याच्यापुढे वाक्यच सरकेना. रडू नका दादा, थोडं थोडं परत येतं.

तारसप्तक
अभिनंदन आधी! चोवीस वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे का. आणि ड्रमवर नवीन माणूस कसा वाटला ते सांगा. निको १९८२ पासून होता, त्याच्याशिवाय मेडन ही कल्पनाच मला सहन होत नाही.

जुनी_कॅसेट
@तारसप्तक, सायमन डॉसन चोख वाजवतो एवढं नक्की सांगतो. जुन्या गाण्यांचा वेग अंगावर आला. निकोला २०२३ च्या सुरुवातीला स्ट्रोक आला होता, त्यानंतरही तो जवळजवळ दोन वर्षं दौऱ्यांवर वाजवत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये साव पावलोला शेवटचा कार्यक्रम करून थांबला. तो नाही हे मलाही टोचलं. पण टोचलं ते दिवे जाण्याआधी. नंतरचं विचारू नका, तोच तर प्रश्न आहे.

कोरडा_पाऊस
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फोन काढला असता तर आज हा धागा काढावा लागला नसता. मी प्रत्येक कार्यक्रमाचं थोडं तरी चित्रीकरण करतो. दहा वर्षांपूर्वीचा कार्यक्रम आजही पाहू शकतो. आठवणीवर इतका विश्वास ठेवायचाच कशाला?

गच्चीवरचा_अँप
@कोरडा_पाऊस, आणि तुमच्या मागे उभा असलेला माणूस काय बघतो? तुमचा फोन. मी एक अख्खा कार्यक्रम समोरच्याच्या हातातल्या पाच इंची पडद्यावर पाहिलाय. मेडनच्या या दौऱ्याआधी त्यांचे मॅनेजर रॉड स्मॉलवूड यांनी चाहत्यांना मुद्दाम विनंती केली होती, फोन शक्यतो खिशातच राहू द्या म्हणून. बँडच सांगतोय तर ऐकावं.

कोरडा_पाऊस
विनंती होती, बंदी नव्हती. आणि मी छातीच्या उंचीवर धरतो, डोक्यावर नाही.

मनमोकळी
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून या वादात थोडी पडते.

फोनबद्दल आधी. लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात प्रयोग केला होता, तो २०१४ साली छापून आला. लोकांना काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तूंचे बारकावे कमी आठवले. कॅमेरा ठेवून घेतोय म्हटल्यावर मेंदू तेवढा सैल सुटतो. पण त्याच प्रयोगात, ज्यांनी वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपला त्यांची आठवण अशी घसरली नाही. म्हणजे दोष फोनपेक्षा लक्ष नसण्याचा जास्त. तेव्हा @कोरडा_पाऊस, तुम्ही पूर्ण चुकीचे नाही आणि पूर्ण बरोबरही नाही.

आता जुनी_कॅसेट यांचं. तुम्हाला रांगेतलं सगळं आठवतंय, कारण तिथे वेळ होता. एक गोष्ट बघायची, तिच्याकडे पुन्हा बघायची, मनात तिला नाव द्यायचं. पॅचचा सुटलेला टाका तुम्ही चार तासांत कितीदा पाहिला असेल! कार्यक्रमात तसं होत नाही. प्रकाश, आवाज, धक्के, स्वतःचं गाणं, सगळं एकदम आणि एकावर एक. जे घडतंय ते पक्कं बसायच्या आत पुढचं येऊन आदळतं. त्यात दिवसभर उभं राहून शरीर थकलेलं. हे दोष म्हणून बघू नका, तुम्ही त्यात पूर्ण बुडाला होता याचीच ही खूण आहे.

परत मिळवायचं असेल तर एक गोष्ट करून पाहा. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांवर प्रयोग केला होता. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले आणि काठावर पाठ केलेले काठावर. नंतर हा प्रयोग पुन्हा करणाऱ्या सगळ्यांनाच तसा निकाल मिळालेला नाही, पण ओळखीच्या खुणांनी आठवण जागी होते हे आपण सगळेच अनुभवतो. तेव्हा सेटलिस्ट त्याच क्रमाने लावा. अंधार करा. आणि खुर्चीत बसू नका, उभे राहा. तेच बूट घाला.

बेसवेडा
तेच बूट! गाठ मारलेली लेस सोडू नका म्हणजे झालं.

तारसप्तक
@मनमोकळी, फार सुंदर समजावलंत. "बुडाला होता" हे मी जपून ठेवतेय.

जुनी_कॅसेट
@मनमोकळी ताई, मनापासून आभार. आज रात्री करून बघतो. फक्त एक अडचण आहे, सकाळपासून दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजतेय. चालेल ना?

कर्णधार
अजिबात चालणार नाही! आज रात्री काहीही मोठ्याने ऐकू नका. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, दोन मिनिटं नीट ऐका.

शिट्टी आणि कान भरल्यासारखे वाटणं म्हणजे कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशींवर ताण आला आहे. प्रत्येक कानात अशा साधारण पंधरा हजार पेशी जन्मतः असतात आणि माणसात त्या मेल्या की नव्याने येत नाहीत. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत शिट्टी थांबते. थांबली म्हणजे काहीच झालं नाही, असंही नाही. दोन दिवसांत थांबली नाही, किंवा एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, तर थेट कानाच्या डॉक्टरकडे. उद्यावर ढकलायचं नाही.

हिशेब सांगतो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. रॉकच्या कार्यक्रमात पुढे उभं राहिलं की १०० ही काही दुर्मीळ गोष्ट नाही आणि कार्यक्रम चालतो दोन तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी मर्यादा सुचवली, ती १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची आहे. त्याबरोबर प्रेक्षकांना कानातले बोळे मिळावेत आणि शांत बसायला एखादी जागा असावी, असंही त्यात आहे.

गच्चीवरचा_अँप
डॉक्टर, पण बोळे घालून रॉक ऐकायचं म्हणजे पावसात रेनकोट घालून भिजायला जाणं. उशी तोंडावर धरल्यासारखं ऐकू येतं.

कर्णधार
फोमच्या बोळ्यांनी तसं होतं, कारण ते वरचे स्वर जास्त कापतात. संगीतकारांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, ते सगळे स्वर जवळपास सारखे खाली आणतात. गाणं तेच राहतं, आवाज तेवढा हळू होतो. आणि फोमचे वापरलेत तरी नीट घाला. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. बहुतेक लोक नुसते कानाच्या दारात टेकवतात.

एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये दौरा अर्धवट सोडावा लागला, तो ऐकू येण्याच्या त्रासामुळेच. पुन्हा मंचावर यायला त्याला काही वर्षं गेली. त्याच्या दिमतीला जगभरचे तज्ज्ञ होते. आपल्याला आपले दोन कान.

जुनी_कॅसेट
ऐकलं. सेटलिस्टचा प्रयोग पुढे ढकलला. घरात आज सगळं शांत.

फेडर
ध्वनियंत्रणेवर काम करतो, म्हणून जागेबद्दल लिहितो. कारण "पाच-सहा माणसं मागे, मधोमध" हे वाचून मला बरंच काही कळलं.

पुढे उभं राहणाऱ्यांना वाटतं आपण सगळ्यात चांगलं ऐकतोय. ऐकत नसता. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख तुमच्या डोक्यावरून मागे जातो. तुम्हाला मिळतो तो थेट ड्रमचा आवाज, मंचावरच्या अँपचा आवाज आणि मंचाच्या काठावर ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून आलेला गायक. त्यात बेसचे मोठे डबे डावीकडे आणि उजवीकडे असतील तर त्यांचा आवाज बरोबर मधल्या पट्ट्यात जुळून दुप्पट होतो. चार पावलं बाजूला सरका, तोच बेस अर्ध्यावर येतो. मधोमध उभे होतात म्हणजे छाती नुसती दणाणली असणार. शब्द कमी, धक्का जास्त. गाणी वेगवेगळी आठवत नाहीत याचं एक कारण हेही असू शकेल.

सगळ्यात चांगला आवाज मिक्सिंगच्या टेबलाजवळ मिळतो. उघड आहे, आम्ही तिथे उभं राहूनच तो जुळवतो.

तारसप्तक
@फेडर, लहानपणापासूनचा एक प्रश्न. मोठ्या मैदानात सगळे एकदम टाळ्या वाजवतात तेव्हा मागचे हात उशिरा का वर जातात? लाट आल्यासारखं दिसतं.

फेडर
मागच्यांना ताल उशिरा ऐकू येतो म्हणून. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर मीटर मागे उभा असलेला माणूस ड्रमचा टोला जवळजवळ ०.३ सेकंदाने ऐकतो, आणि टाळी त्या ऐकलेल्या टोल्यावर देतो. त्यातली कुणाचीच टाळी बेताल नसते. मोठ्या मैदानात मागे वेगळे मनोरे उभारून त्यांवर स्पीकर लावतो, त्यांनाही मुद्दाम तेवढाच उशीर द्यावा लागतो. नाहीतर मागच्या माणसाला आधी मनोऱ्याचा आवाज येईल, मग मंचाचा, आणि प्रत्येक टोला दोनदा ऐकू येईल. उघड्यावर वारा सुटला की आवाज हेलकावतो, तो वेगळाच छळ.

हे सगळं माहीत असूनही, सुट्टीच्या दिवशी माझ्या आवडीच्या बँडला जातो तेव्हा मी कुठे उभा राहतो? बॅरिकेडला चिकटून. आवाज तिथे वाईट असतो आणि मला त्याची पर्वा नसते.

बेसवेडा
हाहा, शेवटच्या ओळीसाठी टाळ्या! ०.३ सेकंद उशिराने.

ठेंगणी
माझी उंची पाच फूट. पुढच्या गर्दीत मला फक्त पाठी आणि काखा दिसतात. पहिल्या दोन कार्यक्रमांत मी बँड पाहिलाच नाही, ऐकला. आता मी मागे जाते, जिथे जमीन थोडी चढी असते किंवा कडेला कठडा असतो. अख्खा मंच दिसतो, प्रकाशाची सगळी रचना दिसते, तिन्ही गिटारवाले एकदम दिसतात. पुढे जाण्याला इतकं डोक्यावर घेऊ नका. मला माझे सगळे कार्यक्रम गाण्यागणिक आठवतात.

चाकावरची
@ठेंगणी, सहमत. मी व्हीलचेअर वापरते. आमच्यासाठी बाजूला उंच चौथरा असतो, असला तर. एकदा तो इतका कडेला होता की अर्धा मंच स्पीकरच्या मागे गेला. आणि एकदा चौथरा अगदी योग्य जागी, पण समोर उभ्या गर्दीतल्यांनी मित्रांना खांद्यावर घेतलं आणि पुढची चार गाणी मी जीन्सच्या खिशांकडे बघत काढली. कुणाला खांद्यावर घेण्याआधी एकदा मागे वळून बघा, एवढीच विनंती आहे.

पण चांगलंही सांगते. त्याच कार्यक्रमात एक उंच मुलगा सारखा मागे वळून बघायचा आणि मला दिसतंय का ते हातानेच विचारायचा. शेवटपर्यंत. त्याने स्वतः कार्यक्रम किती पाहिला कोण जाणे.

कोरडा_पाऊस
@चाकावरची, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. खांद्यावर घेणं आणि फोन वर धरणं, दोन्ही. लक्षात ठेवीन.

गच्चीवरचा_अँप
थोडं अवांतर: सेटलिस्ट आधी वाचून जाता का कुणी? मी अजिबात वाचत नाही. पुढचं गाणं कुठलं हे कळण्याआधीचा तो अर्धा सेकंद, गिटारचा पहिला स्वर लागतो आणि पोटात खड्डा पडतो, तो मला कुणी फुकटात दिला तरी आधी नको.

ठेंगणी
मी वाचते. कधी पाणी प्यायला जायचं ते ठरवता येतं. आणि दौऱ्यात क्रम फारसा बदलत नाही, तेव्हा आवडतं गाणं येणारच नाही हे आधी कळलं तर निदान तिथे उभं राहून वाट तरी बघत नाही.

बेसवेडा
एन्कोर, म्हणजे शेवटी पुन्हा मंचावर येऊन वाजवलेली गाणी, संपला की लोक अजून ओरडत राहतात ते मला बघवत नाही. मेडनच्या बाबतीत तरी खूण ठरलेली आहे. मॉन्टी पायथन या विनोदी मंडळींचं ते शिट्टीवालं गाणं स्पीकरवर लागलं की समजायचं, चला घरी. आणि सुरुवातीची खूणही ठरलेली, युएफओ या बँडचं "डॉक्टर डॉक्टर" हे गाणं. ते सुरू झालं की अनुभवी लोक लेस बांधतात.

जुनी_कॅसेट
अरे! डॉक्टर डॉक्टर! ते लागलं होतं. मी ते पूर्ण विसरलो होतो. शेजारचा पॅचवाला मुलगा ओरडला, "आलं, आलं!" हे आत्ता, तुमचं वाचून आठवलं.

मनमोकळी
बघा. एक खूण पुरते.

बॅरिकेडच्या_आत
हा धागा पहिल्यापासून वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी सुरक्षेच्या कामाला असतो. बॅरिकेड आणि मंच यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा असते, तिथे. आमचं काम गर्दीकडे तोंड करून उभं राहायचं. मोठमोठ्या बँडच्या इतक्या रात्री तिथे घालवल्या आणि एकही बँड धड पाहिला नाही. सगळे माझ्या पाठीमागे. मी पाहिलंय ते तुम्हाला.

आधी कामाचं. @जुनी_कॅसेट, पाठीत कोपर रुतलं म्हणालात. मधोमध, पुढून सहावी ओळ, ही दाबाची जागा आहे. मागून रेटा येतो आणि पुढे लोखंड असतं. हात कधी खाली अडकू देऊ नका, छातीसमोर दुमडून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. बाहेर पडायचं असेल तर रेट्याच्या विरुद्ध जाऊ नका. दोन रेट्यांच्या मध्ये गर्दी क्षणभर सैल होते, तेव्हा तिरके तिरके कडेला सरका. कुणी पडलं तर गाणं गेलं उडत, आधी त्याला उभं करा. आणि आम्ही हात पुढे केला तर लाजू नका, हात वर करा, आम्ही उचलून काढतो. १९७९ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला द हू या बँडच्या कार्यक्रमाआधी दारांपाशी गर्दीत अकरा जणांचा जीव गेला. ३० जून २००० ला डेन्मार्कमध्ये रोस्किल्डला पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना पुढच्या गर्दीत नऊ जणांचा जीव गेला. हे आम्हाला कामावर घेताना सांगतात, आणि तेव्हापासून मी एकदाही पाठीमागे वळून मंचाकडे रमलो नाही.

आता दुसरं. दिवे जातात तेव्हा तुम्हाला मंच दिसतो. मला तुमचे चेहरे दिसतात, मंचावरचा पहिला झोत तुमच्यावर पडतो त्या उजेडात. पन्नाशीचा माणूस बघितलाय, दोन्ही हात डोक्यावर ठेवून, तोंड उघडं, आवाज नाही. मायलेकी बघितल्यात, मंचाकडे न बघता एकमेकींकडे बघणाऱ्या. एक मुलगा पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत डोळे मिटून उभा होता. मी दोनदा त्याच्या खांद्याला हात लावून विचारलं, बरा आहेस ना. त्याने डोळे न उघडता मान हलवली. तो घरी जाऊन काय सांगणार? काय पाहिलं म्हणून? पण त्या रात्री तिथे त्याच्याइतकं हजर कुणी नव्हतं.

तुम्हाला आठवत नसलं तरी तुम्ही कसे दिसत होतात ते मला न बघता माहीत आहे.

तारसप्तक
वाचून नुसती बसलेय.

फेडर
@बॅरिकेडच्या_आत, आम्ही टेबलापाशी मागून फक्त डोकी बघतो. हे आम्हाला कधीच दिसत नाही. लिहिलंत ते फार बरं केलंत.

चाकावरची
आईला घेऊन जायचं ठरवलं. आत्ता. ती म्हणेल मला काय कळतंय त्यातलं. बघू.

कोरडा_पाऊस
एक राहिलेलं लिहितो. मी चित्रीकरण करतो त्याचं कारण वडील. त्यांनीच मला हे सगळं ऐकायला शिकवलं आणि शेवटची तीन वर्षं त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. मी एकेक गाणं टिपून आणायचो, रात्री दोन वाजताही ते जागे असायचे. आवाज फाटलेला, चित्र हलणारं, तरी तीनदा बघायचे. ते गेले, सवय राहिली. आता कदाचित फोन खिशात ठेवून बघेन.

गच्चीवरचा_अँप
दादा, आधी बोललो त्याबद्दल मनापासून माफी. पुढच्या वेळी माझ्यापुढे उभे राहा आणि एक गाणं जरूर टिपा. मी सहन करेन.

कर्णधार
@जुनी_कॅसेट, कान कसे आहेत? तिसरा दिवस झाला.

जुनी_कॅसेट
शिट्टी काल दुपारी थांबली, डॉक्टर. तरी तपासणीची वेळ घेऊन ठेवली आहे. संगीतकारांचे इअरप्लगही मागवले.

आणि काल रात्री प्रयोग केला. हळू आवाजात, काळजी नसावी. मुलं झोपल्यावर खोलीत अंधार केला, तेच बूट घातले, गाठ तशीच. बायको दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. सेटलिस्टच्या आधी डॉक्टर डॉक्टर लावलं, @बेसवेडा यांच्या कृपेने.

सगळं आलं नाही. मधली दोन गाणी अजूनही कोरी आहेत. पण तेरा मिनिटांच्या गाण्यात मध्ये ते सगळं शांत होतं ना, लाकूड करकरल्याचा आवाज आणि खालून नुसता बेस, तिथे मी उभ्या उभ्या थांबलो. कारण तिथे मला आठवलं की मी त्या वेळी मंचाकडे बघतच नव्हतो. मी वळून मागे बघत होतो. मागे कितीतरी हजार माणसं आणि कुणीच ओरडत नव्हतं. शेजारच्या पॅचवाल्या मुलाचे ओठ हलत होते, शब्द न् शब्द, आवाज न करता. मग पुन्हा सगळी वाद्यं एकदम आली आणि त्याने माझा हात धरला. अनोळखी माणूस म्हणालो होतो, तो हाच. ब्रूस कुठे होता हे आठवत नाही याचं कारण एवढंच, की मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. काळं जॅकेट, डाव्या खांद्यावर एडीचा पॅच, खालचा कोपरा उसवलेला. इथे कुणी ओळखत असेल तर त्याला सांगा, तो कोपरा शिवून घे.

ठेंगणी
माझ्या भावाचं तसं जॅकेट आहे, आणि तो कार्यक्रमाला गेला होता. पण त्याचा पॅच उजव्या खांद्यावर आहे. तरी आज रात्री विचारते.